औषधपेटीचं वचन: क्री वस्तीजवळच्या फार्मसीत रुजू झालेल्या मुलीला

तू विचारलंस: "ताई, परीक्षा झाल्या, लायसन्स हातात आलं आणि पहिली नोकरी कॅनडात, उत्तर सास्काचेवानमध्ये मिळाली. निम्म्याहून जास्त पेशंट क्री आणि डेने या इथल्या आदिवासी समाजांतले, त्यातल्या कितीतरी जणांना मधुमेह. 'कल्चरल सेफ्टी'चं तासाभराचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं, पण काउंटरवर नेमकं काय करायचं ते कळत नाही. मी सगळं नीट समजावून सांगते, माणसं मान हलवतात आणि निघून जातात. माझं काय चुकतंय?"

मी नाशिकला बी.फार्म. केलं आणि गेली चौदा वर्षं प्रिन्स अल्बर्टच्या उत्तरेकडच्या भागात काम करते आहे. पहिली दोन वर्षं माझ्याही समोर माणसं अशीच मान हलवून जात होती. तुझं मधुमेहाचं ज्ञान कमी पडत नाहीये. पण तू ज्या काउंटरमागे उभी आहेस, तो कशावर उभा आहे हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून गोळ्यांच्या आधी एका पेटीची गोष्ट सांगते.

१८७६ साली फोर्ट कार्लटन आणि फोर्ट पिट इथे क्री प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात सहावा तह झाला. त्याआधी काही वर्षांपूर्वीच देवीच्या साथीने या मैदानी प्रदेशातली वस्तीच्या वस्ती ओस पाडली होती, आणि ज्या रानगव्यांवर लोक जगत होते ते गवे झपाट्याने संपत चालले होते. वाटाघाटीत प्रमुखांनी औषधांची मागणी लावून धरली, आणि तहात एक कलम आलं: प्रत्येक सरकारी एजंटच्या घरी लोकांच्या उपयोगासाठी औषधांची पेटी ठेवली जाईल. ला राँज आणि माँट्रियल लेक इथले लोक १८८९ मध्ये याच तहात सामील झाले. म्हणजे तुझे बरेचसे क्री पेशंट या पेटीचे वारसदार आहेत.

पुढे या पेटीवरून कोर्टात भांडणं झाली. १९३५ साली मिस्तवासिस बँडचे (क्री लोकांच्या एका गटाचे) प्रमुख ड्रीव्हर कोर्टात गेले, कारण औषधांचा खर्च बँडच्याच पैशातून कापला जात होता. कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: औषधं मोफतच द्यायला हवीत. १९६६ मध्ये सास्काचेवानच्या अपील कोर्टाने मात्र कलमाचा शब्दशः अर्थ लावला. पेटी म्हणजे पेटी, तीही एजंटच्या घरातली. आज फर्स्ट नेशन्स (म्हणजे क्री, डेने यांसारखे आदिवासी समाज) आणि अतिउत्तरेकडच्या इन्युइट लोकांची औषधं केंद्र सरकारच्या ज्या योजनेतून मिळतात, ती नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स, म्हणजे एनआयएचबी, ही सरकारच्या लेखी एक धोरण आहे. लोकांच्या लेखी ते तहातलं वचन आहे. मेटी लोक, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा समाज, या योजनेत येत नाहीत, हेही ध्यानात ठेव. एकाच गावात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोघांची बिलं वेगळी निघतात आणि त्यातून मनं दुखावतात.

हे सगळं सांगायचं कारण असं. या भागात आल्यावर काही आठवड्यांतच कुणीतरी तुला सांगेल, "यांना सगळं फुकट मिळतं." ते सांगणारे आपलेही लोक असतील. दिवाळीच्या जेवणावळीत, हातात चकलीची ताटली घेऊन बोललेलं मी स्वतः ऐकलं आहे. आपल्याकडे आश्रमशाळेतल्या मुलांबद्दल, राखीव जागांबद्दल जे ऐकत आपण मोठे झालो, तेच वाक्य फक्त भाषा बदलून इथे येतं. तो विचार डोक्यात असेल तर तुझ्या आवाजात उतरतोच, आणि समोरच्याला तो पहिल्या वाक्यात ऐकू जातो. काउंटरवरून मधुमेहाच्या गोळ्यांची, मेटफॉर्मिनची, जी पाकिटं जातात, त्यांच्या बदल्यात एवढा मोठा प्रदेश देऊन झालेला आहे. तू दान करत नाहीयेस, जुनं देणं फेडलं जातंय आणि ते तुझ्या हातून जातंय.

आता 'कल्चरल सेफ्टी', म्हणजे सांस्कृतिक सुरक्षितता. हा शब्द न्यूझीलंडमधून आला, इरिहापेती रॅम्सडेन नावाच्या माओरी नर्सच्या कामातून, आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ मध्ये तो शिक्षणात आणला. ट्रेनिंगमध्ये तुला बहुधा रीतिरिवाजांची माहिती दिली असेल. रॅम्सडेन यांचं म्हणणं त्याहून खोल आणि अडचणीचं होतं. दुसऱ्याच्या चालीरीती पाठ करण्याआधी आपल्या हातात किती सत्ता आहे ते बघा, आणि मिळालेली सेवा सुरक्षित होती की नव्हती हे सेवा घेणारा माणूस ठरवेल, देणारा नाही. म्हणजे 'मी नीट समजावून सांगते' हा निकाल तुला देता येत नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी लोकांना आधी विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा, आणि मग शोधग्राममध्ये गोंड वस्तीसारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला, दंतेश्वरी देवीच्या नावाने. मोठ्या सिमेंटच्या इमारतीची जिथे भीती होती, तिथे लोक आपल्या पायांनी येऊ लागले. आधी विचारणं आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे इमारतीचा नकाशा बदलणं, एवढं सगळं त्यात आलं.

भीती इथेही आहे आणि तिला कारणं आहेत. दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलं घरापासून तोडून रेसिडेन्शियल स्कूल्समध्ये, म्हणजे सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांमध्ये, नेली गेली. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. तुझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पेशंटचं बालपण तिथे गेलेलं असू शकतं. १९४८ ते १९५२ या काळात अशा सहा शाळांमध्ये उपाशी, कुपोषित मुलांवर सरकारी पाठबळाने आहाराचे प्रयोग झाले. काही मुलांना मुद्दाम कमी पोषण मिळत राहू दिलं. २०१३ मध्ये हे सगळं उजेडात आलं. आता विचार कर, अशा शाळेतून आलेल्या माणसाला पांढऱ्या कोटातलं कुणीतरी बोट दाखवून सांगतंय, "हे खायचं, हे खायचं नाही." ती मान हलवणं त्या शाळेत शिकलेलं असतं. तिथे उलट बोललं की मार पडायचा.

हे फार जुनंही नाही. २००८ मध्ये विनिपेगच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत ब्रायन सिंक्लेअर नावाचे आदिवासी गृहस्थ ३४ तास व्हीलचेअरवर वाट बघत राहिले आणि तिथेच गेले. मूत्राशयाच्या संसर्गावर वेळेत उपचार झाले असते तर ते वाचले असते. २०२० मध्ये क्वेबेकमधल्या हॉस्पिटलात जॉइस एशाक्वान या आतिकामेक्व नावाच्या आदिवासी समाजातल्या बाईंनी आपल्याला कर्मचारी काय काय बोलत होते ते मरण्याआधी फोनवर रेकॉर्ड केलं. तुझ्या कितीतरी पेशंटना ही दोन नावं ठाऊक असतील.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. सत्तरीच्या एक बाई होत्या. इथे आजीला सगळे 'कोकम' म्हणतात. आपल्याला आमसूल आठवतं, मला तर दर वेळी आठवतं. या कोकमच्या गोळ्यांचे ब्लिस्टर पॅक दर महिन्याला डिलिव्हरीने घरी जायचे. संगणकावर रिफिल अगदी वेळच्या वेळी. तरी तीन महिन्यांची सरासरी साखर, ए-वन-सी, चढतीच. क्लिनिकमधून दर खेपेला इन्सुलिन वाढवून यायचं. मी फॅक्सवर एकदा 'पेशंट पथ्य पाळत नाही' अशा अर्थाचा शेरा मारून मोकळी झाले होते. तो शेरा मी लिहिला, हे मला आजही बोचतं.

एके दिवशी त्या खोकल्याचं औषध घ्यायला आल्या आणि जॅकेटच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं एक वाळकं मूळ काढलं. गाणारे लोक घशासाठी चघळतात, क्रीमध्ये त्याला 'वीहकेस' म्हणतात. तुमच्या सिरपबरोबर हे चालेल का, असा त्यांचा प्रश्न. मी ते मूळ नाकाशी नेलं आणि थेट आजीच्या सहाणेसमोर जाऊन बसले. वेखंड! बाळगुटीत उगाळलेलं, तान्ह्याच्या डोक्याला लावलेलं, सर्दीत कपाळावर लेपलेलं वेखंड. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे हे बाळाला देतात, माझी आजी उगाळायची. त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "तुझी कोकम कुठली?" मी गाव सांगितलं, नदी सांगितली, आजीला किती मुलं होती ते सांगितलं. मागे रांग होती. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही.

मग मी विचारलं, "त्या गोळ्या घेतल्यावर कसं वाटतं?" आणि गप्प राहिले. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या की पांढरी मोठी गोळी घेतली की दिवसभर पोट बिघडतं, चर्चला जाता येत नाही, नातवाच्या हॉकीला जाता येत नाही. दोन वर्षं ती गोळी घेतलीच नव्हती. सगळे पॅक ड्रॉवरमध्ये होते. मग आधी का नाही सांगितलं? "तुम्ही लोक एवढ्या लांब पाठवता. वाईट वाटलं असतं."

मेटफॉर्मिनने पोट बिघडतं हे बी.फार्म.च्या मुलालाही माहीत असतं. कमी डोसपासून सुरुवात, जेवणाबरोबर गोळी, हळूहळू सुटणारा प्रकार. यातलं काहीही दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं. आणि धोका बघ: न घेतलेल्या गोळ्यांच्या हिशोबावर इन्सुलिन वाढत गेलं होतं. त्या हॉस्पिटलात भरती झाल्या असत्या आणि नर्सने यादीतलं सगळं वेळेवर दिलं असतं, तर साखर कोसळली असती. रिफिल वेळेवर जातंय म्हणजे औषध पोटात जातंय, हा आपल्या धंद्यातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे.

वेखंडाचं पुरं करते, कारण कुणी ना कुणी मूळ किंवा पाला घेऊन तुझ्याकडेही येईल. उत्तर अमेरिकेतल्या जातीत बीटा-असारोन हे घातक द्रव्य जवळपास नसतं. आपल्या भारतीय वेखंडात ते भरपूर असतं. वास तोच, पण वनस्पती सारखी नाही. म्हणून दुकानातलं वाटेल ते वेखंड 'तेच आहे' म्हणून सुचवू नकोस. आणि त्यांच्या औषधावर 'पुरावा नाही' असं म्हणून हात झटकू नकोस. काय घेता, किती, कशासाठी आणि कुणी दिलं, एवढं आदराने विचार. साखर कमी करणारं काही असेल तर ग्लिक्लाझाइडची गोळी (तीही साखर उतरवते) किंवा इन्सुलिनबरोबर मीटरवर चार दिवस जास्त लक्ष ठेवायला सांग. क्वेबेकमधल्या जेम्स बेच्या क्री वैद्यांनी तर विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर मधुमेहाच्या आपल्या वनस्पतींवर काम केलं आहे. ज्ञानवृद्ध माणसाकडे काही विचारायला जाशील तेव्हा तंबाखू अर्पण करायची रीत आहे, पण ती कशी, कधी, कुणाला, हे वस्तीतल्याच कुणाला तरी विचारून कर.

सोहळ्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे फार्मासिस्टचं ज्ञान खरोखर जीव वाचवतं. सनडान्स या उन्हाळ्यातल्या पवित्र नृत्यसोहळ्यात लोक तीन-चार दिवस अन्नपाण्याविना राहतात. १८९५ मध्ये कायद्यात बदल करून असल्या सोहळ्यांवर बंदी घातली होती. १९५१ मध्ये ती उठली. तेव्हा 'तुम्हाला मधुमेह आहे, जाऊ नका' हे वाक्य त्यांच्या कानाला जुन्या सरकारी हुकुमासारखं लागतं. आपल्या घरातलं आठव: ज्या डॉक्टरने "नवरात्राचे उपास बंद" असं फर्मान काढलं, त्याला आईने कधी खरं सांगितलंय? उपास चालूच राहतो, फक्त डॉक्टरच्या नकळत. म्हणून वसंतातच विचार, "या उन्हाळ्यात उपास करणार आहात का? मग गोळ्यांचं आधी ठरवू." एम्पाग्लिफ्लोझिनसारखी गोळी उपाशी आणि तहानलेल्या शरीरात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा जीवघेणा प्रकार, म्हणजे कीटोअॅसिडोसिस घडवू शकते, ती निदान तीन दिवस आधी थांबवावी लागते. ग्लिक्लाझाइड उपाशीपोटी साखर खाली आणते. पाण्याविना मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या 'प्रिल' आणि 'सार्टन' गोळ्या आणि पाण्याच्या गोळ्या किडनीला भारी पडतात. बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं, इन्सुलिन कमी करायचं असतं, पण टाइप वनच्या पेशंटने ते बंद करायचं नसतं. हे सगळं डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरशी बोलून कागदावर उतरव, आणि पेशंटची हरकत नसेल तर सोहळ्यात मदतीला असणाऱ्या माणसालाही सांग. काहींची किडनी किंवा हृदय इतकं नाजूक असतं की उपास खरोखरच जिवावर बेतेल. तेही स्पष्ट सांग, आणि उपासाशिवाय त्यात सहभागी कसं होता येईल हे ज्येष्ठांशी बोलायला सुचव. त्यांच्याकडे याची उत्तरं असतात.

स्वेट लॉजमध्ये, म्हणजे तापलेल्या दगडांच्या वाफेत बसायच्या विधीत, उष्णतेने इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं. आधी साखर तपासायची, पाणी प्यायचं, पेन आणि मीटर बाहेर गारव्यात ठेवायचे, आणि बाहेर बसलेल्या माणसाजवळ ज्यूस ठेवायचा.

आहाराचं थोडक्यात. बॅनक नावाची जाड रोटी इथे घरोघरी होते. ती मैदा आणि चरबीच्या सरकारी शिध्यातून इथे रुजली. शिकार गेली, गवे संपले, राखीव जमिनीबाहेर पडायला परवान्याचा कागद लागू लागला, तेव्हा हाताशी होतं त्यातून आयांनी मुलं जगवली. तिला विष म्हणू नकोस. आपल्याला कुणी भात सोडा म्हटलं की आपण काय करतो ते तुला ठाऊक आहे. मी एवढंच विचारते, "काल रात्री घरी काय शिजलं?" मूसचं (मोठ्या रानहरणाचं) सूप आणि तळ्यातला मासा असेल तर त्याचं मनापासून कौतुक करते, आणि बॅनकचा तुकडा किती, यावर येते. किन्वा आणि ऑलिव्ह ऑइलची छापील पत्रकं मी कधीच बाजूला ठेवली. 'कोल्ड्रिंक सोडा, पाणी प्या' हे सांगण्याआधीही थांब. ऑन्टारिओतल्या नेस्कांटागा वस्तीत १९९५ पासून पाणी उकळूनच प्यायची सूचना आहे. तुझ्या पेशंटच्या नळाला काय येतं ते आधी माहीत करून घे.

"हे आमच्या रक्तातच आहे का?" असं तुला तरुण मुलं विचारतील. ऑन्टारिओच्या उत्तर भागातल्या सँडी लेकच्या ओजी-क्री लोकांमध्ये १९९९ मध्ये एचएनएफ-वन-ए या जनुकातला एक बदल सापडला, आणि तो मधुमेहाशी जोडलेला आहे, हे खरं. पण तो बदल सगळ्या आदिवासी लोकांमध्ये नाही. आणि १९३७ मध्ये सास्काचेवानात क्षयाच्या तपासणीत सुमारे दीड हजार फर्स्ट नेशन्स लोक पाहिले तेव्हा मधुमेहाचा एकही रुग्ण आढळला नव्हता. आज तरुण फर्स्ट नेशन्स माणसाला आयुष्यात कधीतरी मधुमेह होण्याची शक्यता दहात आठ सांगितली जाते. ऐंशी-नव्वद वर्षांत रक्त बदलत नाही. जमीन, अन्न आणि जगणं बदललं. मुलाला हे सांगितलं की त्याचे खांदे थोडे सैल होतात. मी पाहिलं आहे.

इन्सुलिनची भीतीही तुला ओळखीची वाटेल. "मावशीने इन्सुलिन घेतलं आणि मग पाय कापला." आपल्याकडेही इन्सुलिन म्हणजे शेवट, असं म्हणणारे घरोघरी आहेत. तिला इन्सुलिन उशिरा मिळालं म्हणून पाय गेला, हे खरं असलं तरी लगेच उत्तर म्हणून फेकू नकोस. आधी मावशीबद्दल विचार. आणि ए-वन-सीवर आंधळा विश्वास ठेवू नकोस: रक्तक्षय असेल, डायलिसिस चालू असेल तर तो आकडा फसवतो. आपल्याकडे सिकलसेल असलेल्या पाड्यांवरही हीच गोष्ट आहे. मीटरचे आकडे शेजारी ठेवून बघ.

काउंटरची काही कामं आजपासूनच कर. स्टेटस नंबर, म्हणजे फर्स्ट नेशन्स म्हणून सरकारी नोंदणीचा क्रमांक, मोठ्याने विचारू नकोस. एकदा नोंद झाला की पुन्हा विचारायची गरजच नसते. दुकानात कुणाच्या मागे कर्मचारी फिरत असेल तर मालकाशी बोल, तू नवी असलीस तरी. एखाद्या औषधाला एनआयएचबीची पूर्वपरवानगी लागत असेल तर फोनवर ताटकळणं तुझं काम आहे. दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला "डॉक्टरकडून कागद आणा" म्हणून परत पाठवायचं नाही. मंजुरी येईपर्यंत काही दिवसांचं औषध देण्याची सोय योजनेत आहे, ती वापर. आणि यलो क्विल फर्स्ट नेशनचे फार्मासिस्ट जॅरिस स्विड्रोविच यांच्यासारखे आदिवासी फार्मासिस्ट जे शिकवतात ते ऐक. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचं ऐकशील त्याच्या आधी.

शेवटचं, कारण तू ऑक्टोबरात रुजू झाली आहेस. जानेवारीत इथे उणे चाळीस होतं. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी निकामी, आणि ओझेम्पिक या मधुमेहाच्या इंजेक्शनचं पेनही तसंच. माणूस फार्मसीतून बाहेर पडतो, पिशवी ट्रकच्या मागच्या भागात टाकतो, किराणा घ्यायला तासभर जातो, आणि महिनाभर निकामी पेन टोचत राहतो. नंतर आपण म्हणतो, पथ्य पाळत नाही. म्हणून नोव्हेंबरपासून पिशवी देताना प्रत्येकाला विचार, "घर किती लांब? वाटेत कुठे थांबणार?" आणि पेन पिशवीत नको, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायला दे. विमानाने दुर्गम वस्तीतल्या नर्सिंग स्टेशनला जाणाऱ्या डब्यावर 'गोठू देऊ नका' असं मोठ्या अक्षरात लिही, वादळाने विमान अडकेल हे धरून आठवडाभर आधी पाठव, आणि डबा पोचला की तिथल्या नर्सला फोन करून पेन हातात घेऊन बघायला सांग.